पाकीट कुठून उघडायचं

ताडकळस
८ सप्टेंबर २०२५

शंभू,

गेल्या सोमवारी सकाळी पूजा उरकली आणि चहा न घेताच मी मालनबाईच्या खानावळीत गेलो. कपाळावरची विभूतीसुद्धा वाळली नव्हती. तिच्या ओट्यावर बसलो आणि म्हणालो, आपल्या येसराचं एक नवं पाकीट माझ्यासमोर उघडून दाखवा.

"काय झालं महालिंगदादा, तपासणीला आलाव का?" असं म्हणून ती हसली. मग तिनं पाकीट घेतलं, उलटं केलं आणि विळीवर खालचा कोपरा सर्रकन कापला. आमटीला पाहिजे तेवढा येसर पातेल्यात ओतला. उरलेल्या पाकिटाचं तोंड मुडपून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आणि ते चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं. तिथं दिवसभर आमटीची वाफ.

मी म्हणालो, "मालनबाई, वरून का नाही उघडलं? वर बंद करायची चेन आहे."

"कुठाय चेन?"

मी दाखवली. तिनं चेनवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला आजवर कुणी सांगितलं न्हाई. आन सांगितलं असतं तरी वरून कसं उघडावं? वर पिंड हाय. महादेवाच्या पिंडीवर विळी चालवू व्हय?"

मी तिथून उठून आणखी दोन घरी गेलो. दोन्हीकडे पाकीट उलटं झालं. शंभू, आपल्या लेबलवर फाडायची रेघ पिंडीच्या बरोबर मधून जाते. ती रेघ कुणीच फाडत नाही. चेन तशीच कोरी राहते, खालून हवा जाते, आणि पावसाळ्यात येसराचा गोळा होतो.

श्रावणात गोळे झाल्याची तक्रार आली तेव्हा आपण दोघं भाऊ अव्वासमोर जे बोललो ते मला पाठ आहे. तू म्हणालास, दादा भाजणं कच्चं ठेवतो. मी म्हणालो, शंभू पाऊच हलके आणतो. दोघंही चुकलो होतो. भाजणं बरोबर होतं, पाऊचही बरोबर होता. एवढंच कळवायला लिहीत होतो, पण टेम्पोवाला सूर्यभान काल माल भरताना म्हणाला की तू दिवाळीनंतर वेगळ्या नावाने माल काढणार आहेस. निळं लेबलही करून ठेवलंस म्हणे. लग्नसराईच्या आत एका घराचे दोन येसर होणार असतील, तर त्याच्या आधी मला माझं काम करावं लागेल.

समोरासमोर बोलायला गेलं की तू अप्पांचा विषय काढतोस आणि मी गप्प होतो. कागदावर तसं होत नाही. म्हणून यापुढे तुझ्या दुकानाच्या मालाच्या खोक्यात पत्र येत जाईल.

अव्वा बरी आहे.

दादा


ताडकळस
२१ सप्टेंबर २०२५

शंभू,

पत्र मिळालं हे सूर्यभानकडून कळलं. वाचलंस का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "वाचलं. मंग खिशात घातलं. मंग परत काढून वाचलं. मला म्हणले, तू कशाला थांबलास, जा की." ठीक आहे.

शुक्रवारी परभणीला छापखान्यात जाऊन आलो. तिथं कॉम्प्युटरवर निकिता नावाची मुलगी बसते, तू तिला ओळखतोस. मी म्हणालो, लेबलवरची रेघ जरा खाली घ्यायची आहे. ती म्हणाली, "काका, रेघ घेते खाली. पण कोणत्या लेबलवरची?"

तिनं कपाटातून आपली सगळी लेबलं काढून टेबलावर मांडली. तू छापलेली, मी छापलेली, पाव किलोची, अर्ध्या किलोची, काळ्या मसाल्याची. मला लाज वाटली. एकावर 'उदगिरे' जाड अक्षरात, एकावर तिरकं, एकावर अक्षरामागे जाळ पेटलेला. एकावर पत्ता आहे, एकावर नाही. निकिता बोट ठेवत गेली. "हा लाल मिरचीचा. हा कुंकवाचा. हा विटेचा. आणि हा तर गुलाबीच झालाय. तुमचा लाल कोणता?"

मी म्हणालो, मिरचीचा.

"कोणत्या मिरचीचा? ओल्या का वाळलेल्या?"

मी लेबलं उलटसुलट करून बघू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "दर वेळी तुमच्यातला एक जण येतो, वेगळं सांगतो, मी छापून देते. माझं काय जातं? पण घरात बसून एकदा ठरवा आणि एका कागदावर लिहा. मोठ्या कंपन्या त्याला स्टाइल गाइड म्हणतात. त्यांचं पुस्तक असतं. तुम्हाला दोन पानं पुरतील. मग कोणीही येऊ दे, मी कागद काढून बघीन."

परत येताना बसमध्ये मी त्याचाच विचार करत होतो. आपल्याकडे धणे किती भाजायचे याला रीत आहे. हरभऱ्याची डाळ आधी, गहू नंतर, ही रीत कुणी मोडत नाही. अव्वाच्या हाताखाली आपण दोघं शिकलो, म्हणून दोघांची चव एक आहे. पण ती चव ज्या पाकिटात जाते त्याला रीत नाही. ते ज्याच्या मनाला येईल तसं. मग आपलं पाकीट ओळखायचं कशावरून?

मी असा कागद करणार आहे. तुला पटो न पटो, कागद होईल. सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला दोन पानं लिहिता येतात.

अव्वाने काल विचारलं, "भाजलंय का नीट?" मी हो म्हणालो.

दादा


ताडकळस
५ ऑक्टोबर २०२५

शंभू,

सोबत कागद जोडला आहे. मी त्याला 'पाकिटाची रीत' असं नाव दिलंय. तुझ्यासाठी एक प्रत, निकितासाठी एक, आणि एक इथे भट्टीच्या भिंतीवर.

नाव एकाच जाड, सरळ अक्षरात. मागे जाळ नाही, सावली नाही. नावाच्या चारी बाजूंना एका बोटाची जागा मोकळी सोडायची, असं मी लिहिलं होतं. निकिता म्हणाली, "कुणाचं बोट?" मी म्हणालो, माझं. "आणि तुम्ही ताडकळसला असाल तेव्हा मी काय करू?" शेवटी 'उ' अक्षराच्या उंचीएवढी जागा असं ठरलं. म्हणजे पाकीट लहान झालं की जागाही त्या मानाने लहान होईल. मला ते आवडलं.

रंगासाठी मी खिशातून भाजलेली मिरची घेऊन गेलो होतो. तिनं रंगांच्या पट्ट्यांशेजारी ती ठेवली, जुळणारी पट्टी काढली आणि तिचा नंबर लिहून दिला. तो नंबर कागदावर आहे. बसस्टँडवरची भिंत रंगवणाऱ्या पेंटरला मात्र नंबर कळेना. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात खऱ्या रंगाचा एक ठिपका लावला आहे. तुझ्याही प्रतीवर आहे, पुसू नकोस.

'नंबर वन' लिहायचं नाही. 'अस्सल' लिहायचं नाही. त्याऐवजी मागच्या बाजूला येसराची आमटी कशी करायची ते चार ओळींत लिहायचं. पुण्यातल्या पोरींना येसर म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, त्यांना वाटतं पिठलं आहे. सणाला व्हॉट्सअॅपवर शुभेच्छा पाठवायच्या असतील तर पाठवाव्यात, पण त्यात देवासमोर आपलं पाकीट उभं करायचं नाही. तू गणपतीत तसं केलं होतंस. राग नाही, पण यापुढे नाही.

आणि शेवटचं. लेबलवर पिंड नाही. खाली नको, मागे नको, बारीक करूनही नको.

हे मी बरेच दिवस पुढे ढकललं. निकिता म्हणाली होती की पिंड खाली सरकवू. तसं लेबल करूनही बघितलं. मग मी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम बाजारतळावरून चालत गेलो. आपली रिकामी पाकिटं गटारीच्या कडेला होती. त्यातलं एक माझ्या चपलेखाली आलं. त्यावर पिंड कुठे आहे याने काय फरक पडणार होता?

आपण इष्टलिंग गळ्यात बांधतो. पूजेला तळहातावर घेतो तेव्हा त्या हातात दुसरं काही धरत नाही. मग ज्या पाकिटावर किंमत आहे, वजन आहे, जे फाडायचं आणि फेकायचं आहे, त्यावर महादेव कशाला? अप्पा कागदाच्या पुडीवर पिंडीचा शिक्का मारायचे. ती पुडी दोऱ्याने बांधलेली असायची. गाठ सुटायची, कागद घडी होऊन कोनाड्यात जायचा. आता काही सुटत नाही, सगळं फाटतं.

अव्वाला विचारलं. ती म्हणाली, "शिक्का व्हय? शिक्केवाल्याकडं तयार दोनच होते. एक पिंडीचा, एक कोंबड्याचा. आपल्यात कोंबडा कसा चालंल? म्हणून पिंडीचा घेतला तुझ्या अप्पानं."

मी हसलो, पण त्याने सोपं झालं नाही. शिक्का कसाही आला असो, अप्पांनी आयुष्यभर तो पुडीवर ठेवायच्या आधी कपाळाला लावला. तू आणि मी ते रोज बघितलं. तुझा जीव तिथं आहे हे मला कळतं. माझाही आहे.

वाच आणि सांग.

दादा


ताडकळस
१२ ऑक्टोबर २०२५

शंभू,

तुझा निरोप मिळाला. सूर्यभान आधी सांगायला तयार नव्हता. खोके उतरवत राहिला. मी म्हणालो, जसं बोलला तसं सांग. तेव्हा म्हणाला, "ते म्हणले, दादाला सांग, अप्पाची पिंड निघाली की माझं नाव बी निघालं. बिनदेवाचं पाकीट माझ्या दुकानात ठेवणार न्हाई. आन हे बी म्हणले की देवदेव करणाऱ्या माणसानंच देव काढला, आता कुणाला सांगावं."

हे शेवटचं तू चिडून म्हणालास की दुःखाने, हे सूर्यभानला सांगता आलं नाही.

आता मी एक सांगतो. गुरुवारी मी तुझ्या दुकानात येऊन गेलो. तू राणीसावरगावला मिरची बघायला गेला होतास, हे मला माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी आलो. राजेश्री गल्ल्यावर होती. तिनं डोक्यावर पदर घेतला, पाणी दिलं आणि म्हणाली, "दादा, हे नाहीत."

मी म्हणालो, "तुझ्याकडेच आलोय. घरात येसर कोणता वापरतेस?"

"आपलाच की. दुसऱ्याचा कशाला?"

मी फळीवरचं एक पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "हे जरा उघड."

तिला वाटलं मालात काही निघालं. तिनं कात्री घेतली, पाकीट उलटं केलं, आणि खालच्या कडेला कात्री लावता लावता थांबली. तिला माझं पत्र माहीत होतं. तू वाचून दाखवलं असशील. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, सेलूकडचं कुणी. ते म्हणालं, "ताई, बरोबर करायलाव. वर देव हाय, खालूनच कापा."

राजेश्रीने कात्री खाली ठेवली. म्हणाली, "दादा, मी आल्यापासून अशीच उघडते. यांनी रोज बघितलंय. यांच्याही ध्यानात आलं नाही."

तिला बोलू नकोस. मी तिला कोंडीत पकडलं, ती माझ्या बाजूने बोलली नाही. जे आहे ते बोलली.

मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "अव्वांचं नाक कसं आहे आता?" म्हणजे तुलाही माहीत आहे. मी तुझ्यापासून लपवत होतो. आषाढापासून तिला धण्याचा वास येत नाही. भाजताना ती अजून भट्टीपाशी बसते, पण विचारते मला, नीट भाजलंय का. श्रावणात तू भाजणं कच्चं म्हणालास तेव्हा मी एवढा का भडकलो, ते आता समजून घे. मला भीती होती की तुझं खरं असेल. मालनबाईकडे मी गेलो तो खात्री करून घ्यायला, आणि सगळा रस्ता मनात म्हणत होतो की दोष माझा निघू नये.

तो निघाला नाही. पण निघाला असता तरी कागद केलाच असता.

दादा


ताडकळस
२६ ऑक्टोबर २०२५

शंभू,

दिवाळीला तू आला नाहीस. राजेश्री मुलांना घेऊन आली. अव्वाने तुझ्या वाटणीचे अनारसे डब्यात भरून दिले आहेत, मिळाले असतील.

त्याच डब्याच्या पिशवीतून माझा कागद परत आला. तुझ्या अक्षरात खुणा केलेला, वर तेलाचा डाग. मी तो दिव्याजवळ धरून नीट वाचला.

रंगाशेजारी तू लिहिलंस, 'मागच्या फळीवर काळपट दिसतो. गिऱ्हाईक पलीकडून बघतं.' हे बरोबर आहे. मी लेबल हातात धरून बघतो, तू फळीवर ठेवून बघतोस. रंग बदलत नाही, पण नावाखाली पांढरी पट्टी घेतो आणि नाव मोठं करतो.

'नंबर वन' शेजारी तू लिहिलंस, 'मोंढ्याच्या बाजारात सगळे लिहितात.' सगळे लिहितात म्हणूनच नको. हे मी मान्य करत नाही.

दुसऱ्या पानावर तू एक नवीनच ओळ घातलीस, की तारीख आणि बॅच नंबर शिक्क्याने मारायचा, पेनाने लिहायचा नाही, कारण पेनाने लिहिलेल्या तारखेवर लोक विश्वास ठेवत नाहीत. हे मला सुचायला हवं होतं. कागदात घेतलं.

आणि पिंडीच्या ओळीशेजारी काही नाही. खूण नाही. पण ती ओळ तू खोडलीही नाहीस. पेन तिथं टेकवून उचललेलं दिसतं, शाईचा एक ठिपका आहे.

मी त्या ठिपक्याचा अर्थ लावत बसणार नाही. आठ दिवस थांबतो. तुला वेगळं व्हायचं असेल तर तसं सांग. सांगितलंस तरी पिंड जाणार आहे. तू राहावास म्हणून ती ठेवली, तर आपण दोघं मिळून तिच्यावर पाय देत राहू.

दादा


ताडकळस
३ नोव्हेंबर २०२५

शंभू,

तुझ्याकडून काही आलं नाही. आज सकाळी पूजा केली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. मन स्थिर नव्हतं, ते होईपर्यंत उठलो नाही. मग पहिल्या बसने परभणीला गेलो.

निकिताने नवं लेबल पडद्यावर काढून ठेवलं होतं. पांढरी पट्टी, मोठं नाव, चारी बाजूंना मोकळी जागा. वरच्या कडेला फक्त बारीक अक्षरात 'इथून उघडा, चेन लावा'. तिनं एक कागद छापून पाऊचवर चिकटवून दाखवला. मला ते उघडं उघडं वाटलं. सणाच्या दिवशी कपाळाला काही न लावता बाहेर पडल्यासारखं. तिला तसं सांगितलं नाही.

तिनं विचारलं, "शंभूकाका हो म्हणाले का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग छापू का? ते नंतर येऊन मला ओरडतील."

"ओरडू दे. त्याला हा कागद दाखव. त्यात त्याने सुचवलेल्या दोन ओळी आहेत, त्या आधी दाखव."

मी सही केली. कागदाच्या खाली दोन सह्यांची जागा आहे, एक भरली. दुसऱ्या जागेवर माझं काही चालत नाही. मग तिनं विचारलं, "जुनी फाइल असू दे का? कधी लागली तर?"

ती ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं, हे खरं सांगतो. पुढच्या वर्षी तू म्हणालास, लोक कुरकुर करतात, परत लावू, तर ती तिथं असली असती. मागे मशीन चालू होतं. ती हात माऊसवर ठेवून थांबली.

मी म्हणालो, "काढून टाक."

तिनं काढून टाकली. पडद्यावर काहीच झालं नाही, एक ओळ कमी झाली.

जुनी छापील लेबलं उरली होती, ती मी रद्दीला जाऊ दिली नाहीत. पिशवीत भरून घरी आणली, घंगाळात भिजत घातली. अव्वा आणि मी बसून त्यांचा लगदा केला आणि बेलाच्या आळ्यात घातला. अव्वा म्हणाली, "शंभूला सांगितलंस का?" मी म्हणालो, सांगतोय.

नव्या लेबलांचा माल येत्या आठवड्यात सूर्यभानबरोबर निघेल. पहिले खोके तुझ्या दुकानाचे आहेत. ते परत पाठवायचे असतील तर पाठव. मी पुढच्या खेपेला तेच खोके पुन्हा पाठवीन, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही.

छपाई सुरू झाली आहे.

दादा